कादंबरीत कोण हवं, कोण नको: पात्रं आणि त्यांची कामं ठरवण्याची एक पद्धत

नवी कादंबरी डोक्यात घोळू लागली की बहुतेक जण वही उघडून पात्रांची यादी करायला बसतात. नाव, वय, शिक्षण, बोलण्याची लकब, लहानपणी बसलेला एखादा चटका. वही भरते, कादंबरी जागची हलत नाही. ही माणसं कोण आहेत ते ठरलेलं असतं, इथं कशासाठी आली आहेत ते ठरलेलं नसतं.

या लेखात उलट्या क्रमाने जाऊ. कथेला कोणकोणती कामं करून घ्यायची आहेत ते आधी पाहायचं, ती किती माणसांत वाटायची ते मग ठरवायचं, आणि रंगरूप, सवयी, नावं सगळ्यात शेवटी. काही लेखकांना हे कोरडं वाटतं. आपल्याला आधी माणसं दिसतात आणि त्यांच्यामागे कथा येते, असं ते सांगतात. काहींच्या बाबतीत ते खरंही असतं. त्यांनी पहिला खर्डा खुशाल तसाच लिहावा आणि इथल्या कसोट्या दुसऱ्या खर्ड्याला लावाव्यात.

उदाहरणाला एक काल्पनिक कथानक धरू. एक पूल कोसळतो, माणसं मरतात. चौकशीचं काम एका तरुण इंजिनिअर मुलीकडे येतं. काम अर्ध्यावर आलेलं असताना एक जुना कागद तिच्या हाती लागतो: पूल सुरक्षित असल्याचा खोटा दाखला, आणि त्याखाली तिच्या वडिलांची सही. सगळ्यांना अजून बिननावाचंच ठेवतो आहे. तुम्हीही तसंच ठेवा, कारण नाव पडलं की पात्र वहीतून काढवत नाही.

पायरी १: एक वाक्य आणि एक प्रश्न

सुरुवातीला एकच वाक्य लिहा. त्यात तीन गोष्टी आल्या पाहिजेत: कुणाला काय हवं आहे, आड काय येतं आणि पणाला काय लागलं आहे. आपल्या कथेचं वाक्य असं होईल: "मुलीला खरा अहवाल द्यायचा आहे, पण तो दिला तर वडील तुरुंगात जातील आणि दडपला तर मेलेल्यांना न्याय मिळणार नाही, शिवाय तिला स्वतःच्या कामावर पुन्हा विश्वास ठेवता येणार नाही."

त्याखाली, या वाक्याच्या पोटात दडलेला प्रश्न लिहा. "आपल्या माणसाचा गुन्हा आपणच उघड करावा का?" आपली कादंबरी कशाबद्दल आहे असं विचारल्यावर अनेक जण "भ्रष्टाचाराबद्दल" किंवा "एकटेपणाबद्दल" असं उत्तर देतात. तो विषय झाला. विषयात कुणीही बसतं, त्यामुळे कुणाला वगळायचं ते कळत नाही. प्रश्न असला की कळतं, कारण प्रत्येक महत्त्वाच्या पात्राचं त्या प्रश्नाला स्वतःचं उत्तर असावं लागतं. आई म्हणेल, नाही, घर आधी. मेलेल्या माणसाची बायको म्हणेल, हो, आणि त्यात विचारायचं काय? वडील कदाचित म्हणतील की तो गुन्हाच नव्हता. ज्याला या प्रश्नाशी काहीच देणंघेणं नाही असं पात्र कितीही गमतीदार असो, ते दुसऱ्या कादंबरीतलं आहे. त्याच्यासाठी वेगळी वही ठेवा.

पायरी २: कथा कुणाची, हे पुन्हा तपासा

पहिल्यांदा सुचलेला माणूसच नायक असेल असं नाही. वाक्य तेच ठेवून मध्यभागी दुसऱ्या माणसाला उभं करून पाहा. या पायरीवर घाई करू नका, कारण पुढची सगळी पात्रयोजना इथे ठरते.

समजा कथा वडिलांची केली. एक निवृत्त माणूस रोज मुलीला कामावर जाताना पाहतो आणि आज तिला तो कागद सापडेल का, या धास्तीत दिवस काढतो. आता त्याच्या आयुष्यात त्या सहीची दुसरी साक्षीदार असलेली एखादी व्यक्ती हवी, ज्याच्यासमोर तो मोकळं बोलू शकेल असं कुणी हवं, आणि मुलगी विरोधात जाऊन उभी राहते. तिच्या कचेरीतली माणसं जवळजवळ गळून पडतात.

समजा कथा पुलावर मेलेल्या माणसाच्या बायकोची केली. आता मुलगी टेबलापलीकडची एक अधिकारी उरते आणि वडील म्हणजे कागदावरचं एक नाव. वकील लागेल, तिच्यासारखीच माणसं गमावलेली आणखी कुटुंबं लागतील, "नुकसानभरपाई घ्या आणि गप्प बसा" असं सांगणारा घरातलाच कुणीतरी लागेल.

घटना एक, पण पात्रांचे तीन वेगळे संच. यातला कुठला निवडायचा हे ठरवताना मी चार गोष्टी पाहतो. अवघड निवड कुणाला करावी लागते? सर्वांत जास्त कुणाचं जातं? महत्त्वाच्या प्रसंगी कोण हजर राहू शकतं? शेवटी कोण बदललेलं असतं? चारही उत्तरांत एकच माणूस आला तर नायक सापडला. मुलीच्या बाबतीत तो सापडतो. उत्तरं दोघांत विभागली गेली तर बहुधा नायक चुकीचा निवडला आहे, किंवा ही दोन आवाजांत सांगायची कादंबरी आहे.

नवशिक्यांच्या हस्तलिखितात वारंवार दिसणारा नायक म्हणजे नुसता पाहणारा माणूस. त्याच्याभोवती घटना घडतात, दुसरे निर्णय घेतात आणि हा खिडकीशी उभा राहून विचार करतो. असा माणूस निवेदक म्हणून उत्तम चालतो, पण नायकाची जागा निर्णय घेणाऱ्याला द्यावी लागते.

पायरी ३: विरोधक शोधा, खलनायकाची घाई नको

आपल्या कथेतला वाईट माणूस कोण, असं विचारलं तर पटकन उत्तर येतं: निकृष्ट माल वापरणारा ठेकेदार. तो वाईट आहेच. पण मुलीच्या मार्गात तो कितीसा येतो? त्याला पकडून देताना तिचा हात थरथरणार नाही. तिला अडवण्याची खरी ताकद वडिलांत आहे, कारण ते तिला आवडतात. विरोधक ते आहेत. ठेकेदार पानावर आलाच नाही तरी कथा उभी राहते.

विरोधक ओळखण्याची खूण अशी की त्याची इच्छा आणि नायकाची इच्छा एकाच वेळी पुरी होऊ शकत नाही. एकाचं झालं की दुसऱ्याचं गेलं. दोघांना दोन वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतील आणि दोन्ही मिळू शकत असतील, तर त्यांच्यात भांडण होईल, पण कादंबरीभर पुरणार नाही.

विरोधक ठरला की त्याच्या तोंडून एक पान लिहा. प्रकाशित करायचं नाही, स्वतःसाठीच लिहायचं. वडील काय म्हणतील? त्या काळी वरून दबाव होता, पुलाची दुरुस्ती पुढच्या वर्षी होणार असं लेखी आश्वासन मिळालं होतं, सही केली नसती तर दुसऱ्या कुणी केली असती, आणि त्या नोकरीवरच तुझं शिक्षण झालं. हे पान लिहून झाल्यावर तुम्हालाच क्षणभर त्यांचं पटलं, तर विरोधक तयार आहे. पान दहा ओळींत संपलं तर अजून त्याची ओळख झालेली नाही.

विरोधक माणूसच असला पाहिजे असंही नाही. पूर, आजार, कायदा, स्वतःचं व्यसन, काहीही चालतं. फक्त अशा वेळी त्या शक्तीच्या बाजूने बोलणारं एखादं पात्र ठेवलेलं बरं, नाहीतर नायकाला वाद घालायला समोर कुणी राहत नाही आणि पानंच्या पानं स्वगतं होतात.

पायरी ४: माणसांआधी कामं लिहा

ही कल्पना जुनी आहे. व्लादिमिर प्रॉप या रशियन अभ्यासकाने १९२८ साली परीकथांच्या रचनेवर पुस्तक लिहिलं. शंभर रशियन परीकथा तपासून त्याने पात्रांची कामं सात गटांत मांडली: नायक, दुष्ट, साहाय्यक, नायकाला जादूची वस्तू देणारा, त्याला कामगिरीवर धाडणारा, राजकन्या (आणि तिचा बाप), आणि खोटा नायक. आपल्या उपयोगाचे ते सात गट नाहीत, कारण कादंबरी म्हणजे परीकथा नव्हे. उपयोगाचं आहे ते त्याचं पुढचं निरीक्षण: एक पात्र अनेक कामं करू शकतं आणि एक काम अनेक पात्रांत वाटलं जाऊ शकतं. काम आणि माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा मनात बसलं की पात्रयोजना हाताळता येऊ लागते.

आपल्याकडच्या नाट्यशास्त्रीय परंपरेतही हा विचार दिसतो. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या 'दशरूपका'त नायकासमोर प्रतिनायक आहे, आणि उपकथानकाचा नायक म्हणून पीठमर्द सांगितला आहे: नायकाचा निष्ठावान सोबती, गुणांनी त्याच्याहून थोडा कमी. हे "थोडा कमी" फार व्यवहारी आहे. सोबती नायकाहून हुशार, धीट आणि विनोदी झाला की वाचक त्याच्याच मागे जातो. तसं होऊ द्यायचं असेल तर ते ठरवून करावं.

आता आपल्या कथेची कामं लिहू. माणसं मनात येतील, त्यांना थांबवा. वाक्याची सुरुवात "कुणीतरी" अशी करा.

- कुणीतरी मुलीला या चौकशीत ढकललं पाहिजे.
- कुणीतरी मुदत लावली पाहिजे, नाहीतर ती निर्णय पुढे ढकलत राहील.
- कुणाकडून तरी तो कागद तिच्या हाती आला पाहिजे.
- कुणीतरी सोपा मार्ग दाखवून तिला मोहात पाडलं पाहिजे: कागद हरवू शकतो.
- कुणीतरी वडिलांची बाजू घरात लढवली पाहिजे.
- मेलेल्यांना चेहरा मिळाला पाहिजे.
- तांत्रिक भाग कुणीतरी साध्या माणसासारखा विचारला पाहिजे, म्हणजे वाचकाला कळेल.
- अशाच पेचात पूर्वी सापडून वेगळा मार्ग घेतलेला कुणीतरी असला पाहिजे.
- जिच्याशी किंवा ज्याच्याशी मुलगी खरं बोलेल असं कुणीतरी हवं.

तुमच्या कथेची यादी वेगळी निघेल. रहस्यकथेत प्रत्येक संशयिताचं काम लिहावं लागतं: त्याचा हेतू, त्याला मिळालेली संधी, आणि खुनाशी संबंध नसलेलं पण तो लपवतो आहे असं एखादं गुपित, ज्यामुळे तो निर्दोष असूनही खोटं बोलतो. प्रेमकथेत दोघांना वेगळं ठेवणारं काम कोण करतं हे आधी ठरवावं, कारण केवळ गैरसमजावर पूर्ण कादंबरी तोलली जात नाही.

पायरी ५: कामं वाटा, एकत्र करा, एखादं रिकामं ठेवा

वरच्या नऊ कामांना नऊ माणसं नेमली तर पहिल्या पन्नास पानांत वाचक दमेल. पहिला प्रयत्न एकत्र करण्याचा करा.

चौकशीत ढकलणारा, मुदत लावणारा आणि मोहात पाडणारा हे तिघे एकाच माणसात बसतात: मुलीचा वरिष्ठ. तो कधीकाळी वडिलांच्या हाताखाली शिकलेला असेल तर? मग लगेच एक शंका उभी राहते की त्याने हे काम तिलाच का दिलं? मुलगी स्वतःच्या बापाला वाचवेल असा त्याचा हिशोब होता का? हे कथानक आधी नव्हतं. तीन कामं एका माणसावर टाकली आणि त्यातून ते निघालं. कामं एकत्र करण्याचा मोठा फायदा हाच असतो. पानं वाचतात हा त्यामानाने किरकोळ फायदा.

तांत्रिक प्रश्न विचारण्याचं काम सहसा एखाद्या नवख्या सहकाऱ्याला दिलं जातं. तो "म्हणजे काय?" विचारतो, नायिका समजावते, आणि प्रसंग वर्गातल्या तासासारखा होतो. हेच काम मेलेल्या माणसाच्या बायकोला द्या. "भार सहन झाला नाही म्हणजे नक्की काय झालं, मला कळेल असं सांगा." माहिती तीच, पण आता मुलीला प्रत्येक शब्द जपून वापरावा लागतो, आणि वाचक माहिती घेतो आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही.

कागद देण्याचं काम जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या वयस्क कारकुनाला देऊ. वेगळा मार्ग घेतलेला माणूसही तोच. त्याने वर्षांपूर्वी आपल्या भावाची लबाडी झाकली होती आणि ते ओझं घेऊन तो जगतो आहे. म्हणून तर तो कागद देतो. वडिलांची बाजू आई लढवेल. तिला सहीची गोष्ट पहिल्यापासून ठाऊक होती असं ठरवलं की तिचं प्रत्येक वाक्य दुहेरी होतं.

शेवटचं काम उरलं: खरं बोलण्याची जागा. मैत्रीण, नवरा, भाऊ, कुणीही चाललं असतं. मी ती जागा रिकामी ठेवेन. या कथेत मुलीला कुणाशीच बोलता येत नाही हाच ताण आहे. मैत्रीण आली की वाफ निघून जाईल. परंपरेने प्रत्येक कादंबरीत असणारं एखादं काम मुद्दाम न नेमणं हाही निर्णय असतो.

झाले सहा जण: मुलगी, वडील, आई, वरिष्ठ, विधवा, कारकून. पत्रकार, वकील, भाऊ, नवरा, ठेकेदार गळाले. नवऱ्याला काढताना हात अडखळतो, कारण खऱ्या आयुष्यात माणसाच्या मागे कुटुंब असतं. पण खऱ्या आयुष्यातलं सगळं पानावर आणायला कादंबरी बांधील नाही. नायिका एकटी राहते हे एका वाक्यात सांगून पुढे जाता येतं.

एकत्र करण्याचा हा खेळ थांबवायचा कुठे? दोन कामं करणाऱ्यांनी एकाच प्रसंगात समोरासमोर येऊन भांडायला हवं असेल, तर त्यांना एक करू नका. आई आणि कारकून एक होऊ शकत नाहीत, कारण "झाकलं म्हणून घर टिकलं" आणि "झाकलं म्हणून मी संपलो" या दोन वाक्यांची गाठ पडली पाहिजे. आणि योगायोगांचा हिशोब ठेवा. दाखल्यावरची सही वडिलांची निघते हा मोठा योगायोग आपण आधीच खर्च केला आहे. कथेच्या मुळाशी असल्यामुळे वाचक तो मान्य करेल. तो कागद विधवेच्याच घरात सापडला, असं केलं की विश्वास उडेल.

पायरी ६: काढून पाहा

आता प्रत्येकावर बोट ठेवून विचारा: हा नसता तर नायकाचा कोणता निर्णय बदलला असता? "मजा कमी झाली असती" हे उत्तर धरायचं नाही. निर्णयाचं नाव घेता आलं पाहिजे.

आई नसती तर मुलगी पहिल्याच आठवड्यात वडिलांना जाब विचारून मोकळी झाली असती. आईमुळे ती थांबते. आई टिकली. वरिष्ठ नसता तर कागद दडपण्याचा विचार तिच्या मनात कुणी घातला नसता. तोही टिकला. एखाद्याला काढल्यावर काहीच बदललं नाही तर तो जावा. एखाद्याला काढल्यावर छोटीशी डागडुजी करून भागत असेल, तर ती डागडुजी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.

या कसोटीत हमखास नापास होणारे काही जण: नायकाचं कौतुक करण्यापुरता येणारा मित्र, लेखकाची मतं बोलून दाखवणारे शहाणे वृद्ध, आणि लेखकाच्या ओळखीतला खराखुरा माणूस, जो "इतका भारी आहे की कुठेतरी यायलाच हवा". तिसऱ्याला काढणं सगळ्यात जड जातं. काढा.

पायरी ७: कुणाला किती खोली द्यायची

इ. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली कादंबरीवर दिलेल्या व्याख्यानांत पात्रांचे सपाट आणि भरीव असे दोन प्रकार केले. सपाट पात्र एका कल्पनेभोवती बांधलेलं असतं. भरीव पात्र आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकतं. मराठी समीक्षेत "सपाट" हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, पण फॉर्स्टर यांनी सपाट पात्रांचे फायदेही सांगितले होते: ती चटकन ओळखू येतात आणि लक्षात राहतात.

खोली कुणाला द्यायची, याचं माझं गणित निर्णयांवर चालतं. ज्याच्यापुढे कथेत दोन रस्ते येतात त्याला भरीव करा. ज्याच्यापुढे एकच रस्ता आहे त्याला एक ठसठशीत खूण देऊन सोडा. आपल्या कथेत मुलगी, वडील आणि आई यांना पूर्ण खोली हवी. कारकुनाला एक निर्णय आहे, कागद द्यायचा की नाही, म्हणून त्याला एक भूतकाळ पुरतो. दरवाजा उघडणाऱ्या शिपायाला भूतकाळ नको, नावही नको. त्याची आजारी मुलगी, त्याचं कर्ज असं काही लिहिलंत तर वाचक त्याची वाट पाहू लागेल, आणि तो परत आलाच नाही तर फसवल्यासारखं वाटेल.

पायरी ८: सांगतंय कोण

निवेदन हेही एक काम आहे, आणि ते कुणाला द्यायचं यावर बाकीच्यांची वजनं बदलतात. मुलगी प्रथमपुरुषात सांगू लागली तर वडिलांच्या मनातलं वाचकाला तिच्याइतकंच कळेल. मग वडिलांचं मौन फार बोलकं लिहावं लागेल. तृतीयपुरुषी निवेदक असेल तर एखादं प्रकरण आईच्या अंगाने जाऊ शकेल, पण "आईला ठाऊक होतं" हे गुपित किती काळ झाकायचं हा नवा प्रश्न येईल. पात्राच्या मनात शिरायचं आणि त्याला सतत टोचणारी गोष्टच तेवढी लपवायची, हे वाचकाला खपत नाही.

वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपली बाजू सांगतात. कच मात्र निवेदक नाही. संयमाच्या बाजूने उभं असलेलं ते पात्र आपल्याला कायम दुसऱ्यांच्या नजरेतून दिसतं. कुणाला बोलू द्यायचं याइतकंच कुणाला बोलू द्यायचं नाही हेही ठरवावं लागतं, ते असं. आपल्या कथेत मी कारकुनाला कधीच आतून दाखवणार नाही. तो थोडा अनोळखी राहिला तरच त्याने कागद का दिला हे कुतूहल टिकेल.

गैरहजर पात्रंही यादीत धरा. मेलेली, सोडून गेलेली, नुसतीच चर्चेत असलेली. डॅफ्नी द्यू मॉरिए यांच्या 'रेबेका'त (१९३८) जिचं नाव पुस्तकाला आहे ती कथा सुरू होण्याआधीच मेलेली असते, तरी सगळं घर तिच्या धाकात असतं. आपला ठेकेदार असा ठेवता येईल: सगळे त्याचं नाव घेतात, तो दिसत नाही.

पायरी ९: जोड्या लावा

सहा पात्रांच्या १५ जोड्या होतात. एक पात्र वाढवलं की २१, आणि दहा पात्रांच्या ४५. पात्रसंख्या किती असावी असं कुणी विचारलं की मी हे आकडे सांगतो, कारण कादंबरीत माणसं संख्येने जड होत नाहीत, नात्यांनी होतात. सगळ्या जोड्या रंगवायच्या नसतात, पण प्रत्येक जोडीपुढे दोन गोष्टी लिहून पाहा: यांना एकमेकांकडून काय हवं आहे, आणि हे एकमेकांपासून काय लपवतात. आई आणि विधवा यांच्या जोडीपुढे सुरुवातीला काहीच सुचणार नाही. त्या दोघी भेटल्या तर काय होईल, या विचारातून कदाचित कादंबरीतला सर्वांत चांगला प्रसंग मिळेल.

जोड्या तपासताना मराठीत एक हुकमी साधन आहे ते विसरू नका: कोण कुणाला काय म्हणतं. वरिष्ठ वडिलांना "सर" म्हणतो, मुलीला एकांतात "तू" आणि बैठकीत "मॅडम". विधवा तिला आधी "मॅडम" म्हणते, मग कधीतरी "ताई", आणि सत्य कळल्यावर पुन्हा "मॅडम". घरात वडिलांना "अहो बाबा" म्हणणारी मुलगी चौकशीच्या खोलीत त्यांना "आपण ही सही केली होती का?" असं विचारते. एवढ्यानेच नातं कुठून कुठे गेलं ते दिसतं. प्रत्येक जोडीचं संबोधन आणि ते कुठल्या प्रसंगी बदलतं, हे लिहायला सुरुवात करण्याआधी ठरवलं तर संवाद निम्मे आपोआप लिहिले जातात.

पायरी १०: आता नावं

नावं एका बैठकीत, सगळी समोर ठेवून द्या. पद्मा, पुष्पा आणि प्रमोद एकाच घरात असले तर वाचक तिसऱ्या प्रकरणात गोंधळतो. रमेश, राजेश, राकेश म्हणजे तर शिक्षाच. पहिलं अक्षर, नावाची लांबी आणि शेवटचा स्वर शक्यतो वेगळा ठेवा. निवेदनात एका माणसाला एकच नाव. बाकीची पात्रं त्याला काहीही म्हणोत, निवेदकाने एका पानावर आडनाव, दुसऱ्यावर पाळण्यातलं नाव आणि तिसऱ्यावर "साहेब" असं करू नये. एकदाच येणाऱ्यांना त्यांचं काम हेच नाव: शिपाई, डॉक्टर, समोरच्या बाकावरची बाई.

प्रवेशाचा क्रमही याच बैठकीत ठरतो. पहिल्या प्रकरणात नावानिशी तिघांपेक्षा जास्त माणसं आणू नयेत असं माझं मत आहे. मोठ्या जमावाच्या प्रसंगाने सुरुवात करायचीच असेल तर जमावाला जमावच राहू द्या. आणि प्रत्येक जण प्रथम दिसेल तेव्हा आपलं काम करताना दिसावा. वरिष्ठ पहिल्यांदा येतो तेव्हा तो मुदत देत असावा. त्याचे केस पांढरे आहेत हे नंतर आलं तरी चालतं.

खर्डा झाल्यावर

लिहिताना ही योजना मोडेल. मोडू द्या. न बोलावलेलं एखादं पात्र येऊन बसेल, ठरवलेलं एखादं मुकं राहील. पहिला खर्डा संपला की एक तक्ता करा: उभ्या रांगेत प्रकरणं, आडव्या रांगेत पात्रं, आणि जिथे जो प्रसंगात प्रत्यक्ष आहे तिथे खूण. नुसता उल्लेख झाला असेल तर वेगळी खूण.

तक्त्यात मोठी पोकळी दिसली, म्हणजे एखादा तिसऱ्या प्रकरणात आला आणि थेट अठराव्यात उगवला, तर मध्ये कुठेतरी त्याची आठवण, निरोप किंवा फोन घालावा लागेल. कुणाच्या खुणा पहिल्या चार प्रकरणांनंतर संपल्या असतील, तर त्याला सहाव्या पायरीची कसोटी पुन्हा लावा. तो केवळ कथा सुरू करण्यासाठी आला असेल आणि ते काम दुसऱ्याकडून होत असेल तर तिथेच काढा. शेवटच्या काही प्रकरणांत प्रथमच येणारा माणूस सर्वांत धोक्याचा. त्याच्या हातून गुंता सुटत असेल तर वाचक लेखकाने पळवाट काढली असंच समजेल. त्याला मागे नेऊन एखाद्या लहानशा कामाला लावा, म्हणजे शेवटी तो ओळखीचा असेल.

न बोलावता आलेल्या पात्राचं काय करायचं? त्याचे सगळे प्रसंग वेगळे काढून सलग वाचा, मधलं काही न वाचता. त्यात सुरुवात, बदल आणि शेवट असं काही दिसलं तर ते राहू द्या आणि त्याच्या शेजारच्या कुणाचं तरी काम त्याच्याकडे सोपवता येतं का पाहा. आपल्या कथेत समजा विधवेचा दहा-बारा वर्षांचा मुलगा असा घुसला आणि नोंदींच्या खोलीत कारकुनाशी त्याची गट्टी जमली. मग कारकुनाने कागद देण्याचं कारण भावाऐवजी हा मुलगा होऊ शकतो, आणि भावाची जुनी गोष्ट दोन ओळींवर आणता येते. प्रसंग सलग वाचल्यावर तोच तो पोरकट विनोद पाच वेळा दिसला, तर पाचातला सर्वांत चांगला ठेवून बाकीचे चार खोडा, मुलाचं नाव काढा आणि तक्त्यातला त्याचा रकाना बंद करा.